सीमाभागातील एका एआरटी केंद्राचा अनुभव: गोळ्या वेळेवर मिळाल्या, बोलायला माणूस उशिरा मिळाला

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातून, मी एप्रिल २०२० पासून औषधे घेत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. चांगल्या गोष्टींबरोबर काही तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि तेथे काम करणारी माणसे इतकी मोजकी आहेत की नाव दिल्याबरोबर कोणाविषयी लिहिले आहे हे कळेल. निपाणी, चिकोडी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यातील जे मराठी भाषक अजूनही उपचारांसाठी कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात जातात आणि आपले नाव जवळच्या केंद्राकडे वर्ग करून घ्यावे की नाही अशा विचारात आहेत, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. औषधांचा पुरवठा हा त्यातला एक भाग झाला. महामारीत उपचारांची घडी विस्कटली तेव्हा या केंद्राने आमच्या मनाची काळजी किती घेतली, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी चिकोडी तालुक्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. २०१२ मध्ये मला एचआयव्हीचे निदान झाले आणि पुढची आठ वर्षे मी सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका केंद्रातून औषधे घेतली. जवळ केंद्र असताना राज्य ओलांडून जाणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत. आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिले की कोणी पालक, कोणी पाहुणा, कोणी भाऊबंद भेटतोच. शिवाय पलीकडे आपल्या भाषेत मोकळेपणाने बोलता येते. महिन्यातून एकदा ‘कोल्हापूरला काम आहे’ असे सांगून घराबाहेर पडायचे, औषध घ्यायचे, समुपदेशकांसमोर पंधरा-वीस मिनिटे बसायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे, हे अंगवळणी पडले होते. घरात फक्त पत्नीला माहीत होते, आणि तिच्याशीही या विषयावर बोलणे होत नसे. म्हणजे महिन्याकाठी त्या पंधरा-वीस मिनिटांतच काय ते आजाराचे नाव माझ्या तोंडून निघत असे. त्या बोलण्यावर माझे किती चालले होते, हे ते बंद पडल्यावर लक्षात आले.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. एसटी थांबली, वडापच्या गाड्या थांबल्या, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला. माझ्या बाटलीत तेव्हा अकरा गोळ्या शिल्लक होत्या. रोज रात्री गोळी घेण्याआधी मी त्या तळहातावर ओतून मोजत असे, जणू मोजल्याने त्या वाढणार होत्या. पलीकडच्या केंद्रातील समुपदेशकांना फोन केला, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नव्या सूचना समजावून सांगितल्या: ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम द्यावीत, आणि रुग्णाचे नाव कोठेही नोंदलेले असले तरी त्याला जवळच्या केंद्रातून औषध मिळावे. “गुरुजी, आता लाज बाजूला ठेवा आणि जवळच्या केंद्रात जावा,” असे त्या म्हणाल्या.

मोटारसायकलवरून निघालो. वाटेत एका नाक्यावर पोलिसांनी अडवले. औषध आणायला चाललो आहे असे सांगितले, तर हवालदाराने विचारले, “कशाचं औषध?” मी म्हणालो, “बीपीचं.” त्याने कागद मागितला. माझ्याजवळ केंद्राची हिरवी पुस्तिका तेवढी होती. मुखपृष्ठावरचा मजकूर अंगठ्याने झाकून मी ती उघडली आणि आतले तारखांचे पान दाखवले. त्याने पानाकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, “बरं, जावा गुरुजी.” मी शिक्षक आहे हे मी त्याला सांगितले नव्हते. तो मला ओळखतो की त्या भागात पांढऱ्या शर्टातल्या माणसाला गुरुजीच म्हणतात, या विचाराने पुढचे आठ दिवस माझा पिच्छा पुरवला. उपचारात खंड पडणे म्हणजे गोळ्यांचा खंड, असे अहवालांमध्ये मानले जाते. मला तर गोळ्यांचा खंड एक दिवसही पडला नाही, आणि तरीही त्या आठ दिवसांत मी नीट जेवलो नाही.

केंद्राचे काम मात्र त्या दिवशी मनापासून आवडले. दवाखान्याच्या दर्शनी भागात कोविडची धावपळ होती, म्हणून एआरटीची खिडकी त्यांनी मागच्या दाराकडे हलवली होती. त्यामुळे आमच्यासारख्यांना तापाच्या रुग्णांमधून वाट काढावी लागली नाही आणि ओळखीचे कोणी भेटण्याची भीतीही कमी झाली. औषध देणाऱ्या भाऊंनी माझ्या जुन्या केंद्राला फोन लावून खात्री केली आणि दहा मिनिटांत तीन बाटल्या हातात ठेवल्या. तेव्हापासून आजवर या केंद्रात मला ‘औषध संपले, उद्या या’ असे एकदाही ऐकावे लागलेले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ७३ देशांत एचआयव्हीच्या औषधांचा तुटवडा पडण्याचा धोका असल्याचे जाहीर केले होते. ते लक्षात घेता आडवळणाच्या एका केंद्राने ही साखळी तुटू दिली नाही, याचे श्रेय त्यांना पूर्ण दिले पाहिजे.

माझी पहिली तक्रार त्या तीन बाटल्यांपाशीच सुरू होते. तीन महिन्यांचे औषध एकदम दिल्याने गर्दी टळली आणि प्रवास वाचला, हे खरे. पण त्याबरोबर महिन्याची भेटही गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. समुपदेशकांना कोविडच्या कामाला लावले होते असे नंतर कळले. त्यात त्यांचा दोष नाही, परंतु परिणाम आम्ही भोगला. दोन खोल्यांच्या घरात आई, पत्नी, ऑनलाइन वर्गाला बसलेली मुलगी आणि मी असे चौघे दिवसभर समोरासमोर. तीस गोळ्यांची पांढरी बाटली हलली की खुळखुळते, म्हणून मी प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा कोंबला, वरचे लेबल ओले करून खरवडले आणि बाटल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे ठेवल्या. रात्री नऊला सगळे टीव्हीसमोर असताना आतल्या खोलीत जाऊन गोळी घ्यायची, आणि आईने ‘काय शोधतोस?’ असे विचारले की काहीतरी सांगायचे. पूर्वी दिवसातून एकदा खोटे बोलावे लागे. आता ते दिवसभर अंगावर बाळगावे लागत होते.

त्यात बातम्यांची भर. मार्चमध्ये जयपूरला इटलीच्या पर्यटकांना कोविडसाठी लोपिनाविर आणि रिटोनाविर ही एचआयव्हीची औषधे दिल्याचे वाचले आणि आता आमची औषधे तिकडे वळवतील अशी धास्ती आमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतली. या औषधांचा कोविडवर उपयोग होत नाही, असे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून जूनअखेरीस जाहीर झाले. पण तोवर आमचे तीन महिने त्या धास्तीत गेले होते. मेमध्ये वर्तमानपत्रात आले की उपचार सहा महिने खंडित झाले तर एड्सशी संबंधित आजारांनी पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू होऊ शकतात. तो अंदाज सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेपुरता होता, हे खालच्या ओळीत लिहिलेले होते. मला रात्री आठवायचा तो फक्त आकडा. अशा वेळी ‘गुरुजी, खालची ओळ वाचा’ एवढे सांगणारे कोणी असते तरी पुरेसे झाले असते.

तेव्हाच्या माझ्या गोळीत एफाविरेन्झ हे औषध होते. त्याने काही जणांना झोपेत फार ठळक, भयंकर स्वप्ने पडतात, झोप मोडते आणि मन उदास होते. एरवी मी ते सोसत आलो होतो, पण त्या उन्हाळ्यात ते सोसेना. जूनमध्ये मी सलग दोन रात्री गोळी घेतली नाही. विसरलो नव्हतो; बाटली हातात होती. हे सगळे कशासाठी चालले आहे, असे वाटत होते. तिसऱ्या रात्री मुलगी अभ्यासाची वही दाखवायला आत आली म्हणून उठलो आणि गोळी घेतली.

जुलैच्या तारखेला केंद्रात गेलो, तेव्हा खिडकीतून एकच प्रश्न आला: “गोळ्या चुकल्या का?” मी ‘नाही’ म्हणालो. संसर्गाच्या भीतीने त्या काळात कोणी बाटली हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजत नव्हते, त्यामुळे माझे ‘नाही’ पुस्तिकेत नोंदले गेले आणि पाच मिनिटांत मी पुन्हा तीन बाटल्या घेऊन रस्त्यावर होतो. शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे की ‘समजले का?’ असे विचारले की वर्ग ‘हो’ म्हणतो. गोळी चुकली का, एवढेच विचारणाऱ्या सेवेला गोळी चुकवण्यामागचे मन कधी दिसायचे नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते, आणि नैराश्य आले की आधी औषधाचा नेम मोडतो. नेम मोडला की विषाणू वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. मनाचा प्रश्न नंतर पाहू, असे म्हणण्याची सोय या आजारात नाही.

सप्टेंबरमध्ये केंद्राने फोनवरून विचारपूस सुरू केली. पहिला फोन माझ्या आईने उचलला आणि पलीकडच्या माणसाने ‘एआरटी सेंटरमधून बोलतोय’ असे सांगून टाकले. आईला ते ‘आरटीओ’ असे ऐकू आले म्हणून निभावले. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे. मी केंद्रात जाऊन हे शांतपणे सांगितले. त्यांनी ते मानले, आणि ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. तेव्हापासून फोन करणारी व्यक्ती फक्त स्वतःचे नाव सांगते, फोनवर आम्हीच बोलतो आहोत याची खात्री करते आणि “आता बोलायला मोकळे आहात का, की नंतर करू?” असे विचारते.

मग आल्या समुपदेशक मॅडम. त्या खानापूरकडच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारख्या बोलणाऱ्या. त्यांच्या पहिल्या फोनमध्ये गोळीचा विषय शेवटी निघाला. “गुरुजी, झोप लागते का? जेवण जातंय का? घरात कुणाला माहिती आहे?” अशी सुरुवात झाली आणि मी शाळेच्या गच्चीवर उभा राहून चाळीस मिनिटे बोललो. पुढच्या भेटीत त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन न लागणे, उदास वाटणे, झोप, भूक, थकवा असे त्रास किती दिवस झाले ते विचारून शून्यापासून २७ पर्यंत गुण काढायचे आणि दहा किंवा त्याहून अधिक आले तर पुढे लक्ष द्यायचे, अशी ती जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. कागद कन्नडमध्ये छापलेला होता. त्यातला ‘खिन्नते’ हा शब्द त्यांनी बोटाने दाखवला, ‘तुमचा खिन्न तोच हा’ म्हणाल्या, आणि मग कागद बाजूला सारून विचारले, “मन कशात लागत नाही असं किती दिवस झालं?” नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या विचारांविषयी असतो. तो विचारताना त्यांनी आवाज खाली आणला नाही की नजर चुकवली नाही. जूनच्या त्या दोन रात्री मी त्या वेळी पहिल्यांदा कोणाला सांगितल्या. माझे गुण १४ आले.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी चारला, सात आठवडे, त्यांचा फोन ठरल्या वेळी आला. त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तेथे एफाविरेन्झचा संबंध लक्षात आणून दिला गेला, आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमातील बदलाप्रमाणे माझी गोळी डोल्युटेग्राविर असलेल्या नव्या गोळीने बदलली. काही आठवड्यांत स्वप्ने थांबली. शिवाय ज्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरलेला नाही आणि जो नियमित औषध घेतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे उपचाराच्या आठव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले, तेही पत्नीला शेजारी बसवून. डिसेंबरात माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासला तेव्हा विषाणू सापडला नाही. तो अहवाल पत्नीने मागून घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. इतक्या वर्षांत आजाराचा एखादा कागद तिने स्वतःहून हातात घेतला, असे पूर्वी घडले नव्हते.

लसीच्या वेळीही मॅडमच उपयोगी पडल्या. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली आणि त्या यादीत एचआयव्हीचाही समावेश होता. पण त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लसकेंद्रावर दाखवायचे, आणि तेथे नोंदी करायला आमच्याच शाळांमधले शिक्षक बसलेले. कागद दाखवावा की धोका पत्करून थांबावे, याचा निर्णय त्यांनी माझ्यावर लादला नाही. दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. मी थांबलो, आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्यावर रांगेत उभा राहिलो.

केंद्र शिकते, याचा पुरावा जुलै २०२१ मध्ये मिळाला. वेदगंगा नदीचे पाणी निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. २०१९ च्या पुरातही तेच झाले होते. या वेळी पाऊस वाढतो आहे हे पाहून केंद्राने नदीकाठच्या गावांतील लोकांना आधीच फोन केले, ज्यांची तारीख जवळ होती त्यांना लवकर बोलावले, आणि पूर ओसरल्यावर पुन्हा फोन करून घराचे काय झाले, झोप लागते का, हे विचारले. केंद्रातील केअर कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णांशी संपर्क ठेवणारे कर्मचारी, स्वतः अनेक वर्षे याच औषधावर आहेत. त्यांचा फोन आला की समोरच्याला काही समजावून सांगावे लागत नाही.

आता उणिवा. समुपदेशनाची खोली म्हणजे प्लायवूडचा अर्धा आडोसा आहे. आत बोललेले बाकावर बसलेल्यांना ऐकू येते. रांगेत पूर्ण नाव आडनावासह पुकारतात. पुस्तिकेवर क्रमांक असताना याची काहीच गरज नाही. सोमवारी तीन-तीन तास बसावे लागते, म्हणून शक्य असल्यास आठवड्याच्या मध्ये जावे. मानसोपचारतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभाग दुसऱ्या इमारतीत आणि वेगळ्या वारी असतो; रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडवून तेथे जाणे परवडत नाही, आणि मग चिठ्ठी खिशातच राहते.

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. मॅडमची २०२३ मध्ये बदली झाली. नवे समुपदेशक सज्जन आहेत, कष्टाळू आहेत, पण त्यांना मराठी येत नाही. केअर कोऑर्डिनेटर दुभाषी होतात, आणि तिसऱ्या माणसासमोर मन उघडत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारीत काम केलेल्या एक मावशी माझ्या पुढे रांगेत असतात. आडोशातून त्यांचे ‘बरं हाय, बरं हाय’ एवढेच ऐकू येते, आणि बाहेर आल्यावर बाकावर बसून त्या डोळे पुसतात. संमतीचे कागद फक्त कन्नडमध्ये आहेत. मी वाचू शकतो, त्या वाचू शकत नाहीत, तरी अंगठा उठवतात. येथे कन्नडविषयी माझी तक्रार नाही. जत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड भाषक रुग्णाला मराठी समुपदेशकासमोर हीच कोंडी सोसावी लागत असणार. औषधाला भाषा लागत नाही, पण ‘मन लागत नाही’ हे माणूस आईच्या भाषेतच सांगतो, आणि सीमेवरच्या प्रत्येक केंद्रात दोन्ही भाषा बोलणारा निदान एक समुपदेशक असावा, ही मागणी अवास्तव नाही. तोपर्यंत मी मावशींना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पाठ करून दिला आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्री चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. औषधांविषयी काही विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहेच.

नाव वर्ग करून घ्यावे का, असे कोणी विचारले तर मी ‘हो’ म्हणेन. जुन्या केंद्राचे पत्र आणि हिरवी पुस्तिका सोबत न्या, आणि पहिल्याच दिवशी फोन कोणत्या वेळी करावा, कोणी उचलला तर काय सांगावे, हे लिहून द्या. औषधाच्या बाबतीत हे केंद्र पाचपैकी पाच गुणांचे आहे. गोपनीयतेला मी दोन देईन. समुपदेशनाला २०२१ साली पाच दिले असते. आज तीन देतो.

आडोशाबद्दल मी गेल्या वर्षी लेखी अर्ज दिला होता. मागच्या तारखेला गेलो तेव्हा प्लायवूडच्या वर छतापर्यंत जाड हिरवा पडदा लावलेला होता आणि आतला पंखा सुरू होता. मावशी आत होत्या. बाकावर बसून मला काहीही ऐकू आले नाही, आणि त्या बाहेर यायला वीस मिनिटे लागली.